पडद्यावरील न्यायालय

रात्रीचे जेवण आटोपून घरातील मंडळी दूरचित्रवाणीपुढे बसलेली असतात. पडद्यावर न्यायालय भरलेले असते. आरोपीचा चेहरा उतरलेला, सरकारी वकिलाच्या ओठांवर विजयाचे हसू. इतक्यात बचावाचा वकील सावकाश उठतो, साक्षीदाराकडे पाठ करून क्षणभर थांबतो, एकदम वळतो आणि एकच प्रश्न विचारतो. त्याबरोबर मागच्या बाकावरून कोणीतरी ताडकन उठून ओरडते, "होय, मीच मारले त्याला!" आजी पदराने डोळे टिपतात, धाकटी मुले टाळ्या वाजवितात. तेवढ्यात कोपऱ्यातील काका म्हणतात, "छे! असे कधी कुठे होत असते काय?" आणि मग पडद्यावरील खटल्यापेक्षाही रंगतदार असा खटला घरातच सुरू होतो. एक बाजू म्हणते, गोष्ट ती गोष्ट, तिला कशाला इतके नियम? दुसरी बाजू म्हणते, गोष्ट झाली तरी ती पटावयास नको काय?

काकांच्या त्या उद्गाराला उत्तम उदाहरण म्हणून अमेरिकेतील 'पेरी मेसन' या मालिकेकडे बोट दाखविता येईल. तेथील सीबीएस या वाहिनीवर २१ सप्टेंबर १९५७ रोजी ती सुरू झाली आणि २२ मे १९६६ रोजी संपली. या नऊ वर्षांत तिचे २७१ भाग झाले. रेमंड बर या भारदस्त नटाने पेरी मेसन या वकिलाची भूमिका केली होती. बहुतेक भागांचा साचा एकच. लॉस एंजलिस शहरात एक खून होतो. एका निरपराध माणसाला पकडण्यात येते. सारा पुरावा त्याच्याविरुद्ध असतो. मेसनची चिटणीस डेला स्ट्रीट आणि त्याचा गुप्तहेर मित्र पॉल ड्रेक धावपळ करतात, आणि अखेरीस भर न्यायालयात मेसनच्या प्रश्नांच्या माऱ्यापुढे खरा गुन्हेगार आपण होऊन गुन्हा कबूल करतो. मेसन हरल्याचे प्रसंग हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. १९६३ सालच्या एका भागात प्रारंभीच त्याच्या अशिलाला देहान्ताची शिक्षा होते खरी. परंतु भाग संपण्यापूर्वी मेसन तीही फिरवून घेतो.

मेसनपुढे नेहमी हरणारे सरकारी वकील म्हणजे हॅमिल्टन बर्गर. लॉस एंजलिस परगण्यातील मुख्य सरकारी वकील हा मतदारांनी निवडून दिलेला अधिकारी असतो. आठवड्यामागून आठवडे निरपराध माणसांवर खुनाचे खटले भरावयाचे आणि ते हरावयाचे, असा ज्यांचा क्रम, त्या बर्गरसाहेबांना तेथील मतदारांनी नऊ वर्षे कसे सहन केले, हे कोडे त्या मालिकेतील कोणत्याही खुनापेक्षा अवघड आहे!

तथापि प्रेक्षकाने प्रत्येक विसंगतीवर बोट ठेवावे, असा याचा अर्थ नव्हे. खऱ्या खटल्यास महिने लागतात, कित्येकदा वर्षे लागतात. पडद्यावर तो तासाभरात निकालात निघतो. यास खोटेपणा म्हणता येणार नाही. नाटकात एक अंक संपून दुसऱ्याचा पडदा उघडतो, तेवढ्यात नायिकेचे मूल चालू-बोलू लागलेले असते. त्यावर कोणी हरकत घेत नाही. वेळ आखडून घेणे हा कलेचा जुना अधिकार आहे आणि प्रेक्षकाने तो आनंदाने मान्य केलेला आहे. आपल्या चित्रपटांतील न्यायाधीश लाकडी हातोडा आपटून "ऑर्डर, ऑर्डर" असे ओरडतात. भारतातील न्यायालयांत असा हातोडा वापरण्याची रीत नाही. वकिली करणाऱ्या माणसाला तो हातोडा पाहून हसू येते, इतरांना तो ध्यानातही येत नाही. त्याने कथेचे काही बिघडत नाही आणि प्रेक्षकाचेही नाही.

पेरी मेसनचे जनक अर्ल स्टॅन्ली गार्डनर यांना कायदा ठाऊक नव्हता, असे तर मुळीच म्हणता येणार नाही. ते स्वतः वकील होते. १९११ साली त्यांना कॅलिफोर्नियात वकिलीची सनद मिळाली आणि पुढे बरीच वर्षे त्यांनी तेथे वकिली केली. मेसनची पहिली कादंबरी त्यांनी १९३३ साली प्रसिद्ध केली. मालिकेतील पुष्कळ भागांत न्यायाधीश दिसतात, पण ज्यूरी, म्हणजे निर्णय देणारे बारा नागरिक, दिसत नाहीत. अमेरिकेत खुनाचा खटला ज्यूरीपुढे चालतो, एवढे ठाऊक असलेला प्रेक्षक येथे चूक सापडली म्हणून हरखून जाईल. परंतु ती चूक नव्हे. खटला ज्यूरीपुढे नेण्याइतका आधार आहे किंवा नाही, हे ठरविण्यासाठी कॅलिफोर्नियात न्यायाधीशापुढे एक प्राथमिक सुनावणी होते. मेसनचे पुष्कळसे पराक्रम या प्राथमिक सुनावणीतच घडतात. तेथे ज्यूरी नसतेच. कायदाही सांभाळला गेला आणि बारा नटांचे वेतनही वाचले, असा हा दुहेरी लाभ! टीका करावयाची तर तीही माहिती करून घेऊनच करावी लागते, ती अशी.

मग काकांचा आक्षेप टिकतो कोठे? तो टिकतो त्या कबुलीपाशी. प्रथम मनुष्यस्वभावच पाहा. ज्याने दिवसचे दिवस बेत करून कोणाचा जीव घेतला, पुरावा दुसऱ्याच्या अंगणात नेऊन टाकला, पोलिसांपुढे न अडखळता खोटे सांगितले, तो मनुष्य एका तिखट प्रश्नाने कोसळून पडतो आणि तेही बरोबर शेवटच्या पाच मिनिटांत! एकदा असे घडले तर प्रेक्षक ते नवल म्हणून स्वीकारील. दर आठवड्याला घडू लागले, म्हणजे त्याला माणूस दिसेनासा होतो आणि लेखकाच्या हातातील दोरी दिसू लागते. दुसरी गोष्ट कायद्याची. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या पाचव्या दुरुस्तीप्रमाणे कोणालाही स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास भाग पाडता येत नाही. ज्या प्रश्नाच्या उत्तराने आपण गुन्ह्यात अडकू, त्याचे उत्तर देण्याचे साक्षीदार नाकारू शकतो. मागच्या बाकावर बसलेल्या माणसाला तर कोणी काही विचारलेलेही नसते. मालिकेचा शेवटचा भाग झाल्यावर तीनच आठवड्यांनी, १३ जून १९६६ रोजी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'मिरांडा' खटल्याचा निकाल दिला आणि पोलिसांनी अटकेतील माणसाची चौकशी करण्यापूर्वी त्याला गप्प राहण्याचा व वकील मिळण्याचा हक्क समजावून सांगितलाच पाहिजे, असा दंडक घातला.

आपल्याकडेही कायदा कबुलीकडे संशयानेच पाहतो. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यात पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नसे. त्या कायद्याच्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला आहे. त्यातही हा नियम कायम आहे. न्यायदंडाधिकाऱ्यापुढे कबुली द्यावयाची झाली, तरी ती लिहून घेण्यापूर्वी, "कबुली देण्याचे तुमच्यावर बंधन नाही, दिलीत तर ती तुमच्याविरुद्ध वापरली जाईल," असे त्या माणसाला बजावावे लागते. ज्या कबुलीसाठी पडद्यावरील सारे जण जीव टाकतात, तिला प्रत्यक्षात कायदा दारातच थांबवून एवढे प्रश्न का विचारतो? याचे कारण असे की, माणूस भीतीने, थकव्याने किंवा दडपणाने न केलेला गुन्हाही कबूल करतो. न्यूयॉर्क शहरात १९८९ साली एका स्त्रीवर भयंकर हल्ला झाला. चौदा ते सोळा वर्षे वयाच्या मुलांची पोलिसांनी तासन् तास चौकशी केली. त्यांतील चौघांचे कबुलीजबाब चित्रफितीवर घेतले गेले. एकूण पाच मुलांना शिक्षा झाली. २००२ साली दुसऱ्याच एका माणसाने आपण तो गुन्हा केल्याचे सांगितले. तेव्हाही त्याच्या नुसत्या शब्दावर कोणी विसंबले नाही. घटनास्थळी मिळालेला डीएनएचा पुरावा त्याच्याशी जुळला आणि मगच त्या पाच जणांच्या शिक्षा रद्द झाल्या. तोवर ती मुले मुले राहिली नव्हती. त्यांची तुरुंगातील वर्षे उलटून गेली होती.

परंतु कबुलीची घाई हा पेरी मेसनच्या कथांतील खरा मोठा दोष नव्हे. त्याहून मोठी एक गोष्ट या कथा नकळत प्रेक्षकाच्या मनात रुजवितात. मेसनचा अशील सुटतो तो केव्हा? तर खरा गुन्हेगार सापडल्यावर. जणू दुसरा कोणी हाती लागला नसता, तर त्याची सुटका झालीच नसती! न्यायाचे तत्त्व मात्र याच्या उलट आहे. गुन्हा शाबीत करण्याचा भार सरकार पक्षावर असतो. आरोपीने आपले निर्दोषत्व सिद्ध करावयाचे नसते, मग "मी नव्हे, तर कोण?" या प्रश्नाचे उत्तर देणे त्याच्याकडे कोठून आले? पुराव्यात वाजवी संशयाला जागा राहिली, की तेवढ्यावर त्याला सोडावे लागते. खून कोणी केला, हे कधीच कळले नाही तरीही. हातोडा, झगे, तासाभराचा खटला या साऱ्या चुका विसरून जाण्याजोग्या आहेत. ही चूक विसरून चालत नाही. कारण ती पाहत वाढलेला मनुष्य वर्तमानपत्रात कोणाच्या अटकेची बातमी वाचतो, तेव्हा तो सहज म्हणून जातो, "याने केले नाही, तर मग केले कोणी? याच्या वकिलाने दाखवून द्यावे!" शाळेच्या वर्गात एखाद्याचे पेन हरवते आणि शेजारी बसणाऱ्या मुलाकडे सर्वांच्या नजरा वळतात, तेव्हा त्यालाही हेच ऐकावे लागते. त्या बिचाऱ्याला पेरी मेसन कोठून मिळणार?

याच्या अगदी उलट जातीचे एक नाटक अमेरिकन दूरचित्रवाणीनेच दिले, हे येथे सांगितले पाहिजे. रेजिनाल्ड रोज यांचे 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' हे नाटक सप्टेंबर १९५४ मध्ये सीबीएसच्या 'स्टुडिओ वन' या कार्यक्रमात प्रथम दाखविण्यात आले. रोज यांना ज्यूरीत बसण्याचा स्वतःचा अनुभव होता. १९५७ साली सिडनी ल्युमेट यांनी त्याचा चित्रपट केला. बापाच्या खुनाचा आरोप असलेल्या एका मुलाविषयी बारा ज्यूरर एका कोंदट खोलीत बसून विचार करीत आहेत. अकरा जण म्हणतात, दोषी. एकटा आठवा म्हणतो, थोडे बोलू तर या. सरकार पक्षाने सांगितलेले असते की, खुनाला वापरलेला चाकू इतका विलक्षण आहे की तसा दुसरा मिळणार नाही. यावर हा आठवा ज्यूरर आपल्या खिशातून हुबेहूब तसाच चाकू काढून मेजात रोवतो! आदल्या रात्री तो त्या मुलाच्या वस्तीत फिरून आला होता आणि तेथील एका दुकानातून त्याने तो विकत घेतला होता.

कायद्याच्या दृष्टीने हे पेरी मेसनच्या कोणत्याही करामतीपेक्षा अधिक आक्षेपार्ह आहे. ज्यूरीने न्यायालयापुढे आलेला पुरावाच पाहावयाचा असतो. ज्यूररने आपणहून तपास करून वस्तू गोळा करणे ही गैरवर्तणूक ठरते आणि तेवढ्याने सारी सुनावणी रद्द होऊ शकते. कायद्याच्या जाणकारांनी या प्रसंगाला हरकत घेतलेली आहे आणि ती योग्यच आहे. तरीही तो चाकू मेजात रुतून थरथरतो, तेव्हा काका "छे!" म्हणत नाहीत. असे का व्हावे? कारण त्या माणसाचे वागणे त्याच्या स्वभावातून आलेले असते. एका मुलाचा जीव जाणार आहे आणि रात्री त्याला झोप लागलेली नाही, हे प्रेक्षकाला पटलेले असते. एक लंगडा म्हातारा साक्षीदार सांगतो की, आपण पंधरा सेकंदांत अंथरुणापासून दारापर्यंत पोहोचलो. ज्यूरर ते अंतर पावलांनी मोजतात, त्याच्यासारखे लंगडत चालून पाहतात आणि दुपटीहून अधिक वेळ लागतो. तो म्हातारा खोटारडा नसतो. कोणीतरी आपले ऐकून घ्यावे, एवढ्याच इच्छेने तो आपल्या आठवणीला रंग देऊन बसलेला असतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, खून त्या मुलाने केला की नाही, हे नाटक संपले तरी कोणालाच कळत नाही. दुसरा गुन्हेगार कोणी उभा राहत नाही. बारा माणसांच्या मनात संशय उरतो आणि तेवढ्यावर मुलगा सुटतो. एक नियम मोडूनही हे नाटक न्यायाशी प्रामाणिक राहिले. मेसनने प्राथमिक सुनावणीचा नियम तंतोतंत पाळला आणि न्यायाचे तत्त्व मात्र त्याच्या हातून निसटले.

याच नाटकावरून बासू चटर्जी यांनी १९८६ साली 'एक रुका हुआ फैसला' हा हिंदी चित्रपट केला. तो पाहताना चौकस विद्यार्थ्याला वेगळाच प्रश्न पडेल. भारतात त्या वेळी असे ज्यूरीचे खटले होते कोठे? ज्यूरीपुढे चाललेला आपल्याकडील गाजलेला खटला म्हणजे मुंबईतील नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरील १९५९ चा खटला. ज्यूरीने आठ विरुद्ध एक अशा मतांनी त्यांना निर्दोष ठरविले. सत्र न्यायाधीशांना तो निर्णय मान्य झाला नाही आणि त्यांनी प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाकडे पाठविले. तेथे नानावटींना शिक्षा झाली व १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. पुढे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीला स्थानच उरले नाही. म्हणजे १९८६ च्या चित्रपटातील ते बारा भारतीय पंच काल्पनिकच म्हणावयाचे. एवढे मोठे अशक्य सुरुवातीलाच पुढे ठेवले असताही चित्रपट मनाची पकड घेतो. कारण ते एक अशक्य मान्य केल्यावर पुढचे प्रत्येक पाऊल संभाव्य वाटते. कथेतील अशक्य आणि असंभाव्य यांतला भेद ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल याने फार पूर्वीच ओळखला होता. पटण्याजोगे अशक्य चालेल, न पटणारे शक्य चालणार नाही, असा त्याच्या विचाराचा रोख होता.

"न्यायालयाचे खरेखुरे चित्र दाखविले, तर पाहणारे कंटाळून उठून जातील," असे मालिका लिहिणाऱ्यांचे म्हणणे असते. यात तथ्य नाही, असे नव्हे. पण चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' हा २०१४ सालचा मराठी चित्रपट पाहिल्यावर ते म्हणणे तितके बळकट राहत नाही. त्यात एका वृद्ध लोकशाहिरावर मुंबईत खटला चालतो. कोणी ओरडत नाही, कोणी मागच्या बाकावरून उठत नाही. कायद्याची कलमे एकसुरात वाचली जातात, तारखा पडतात, काम संपवून सरकारी वकीलबाई घरी जाऊन स्वयंपाकाला लागतात. एका स्त्रीने बाह्या नसलेला पोशाख घातला, एवढ्यासाठी तिचे प्रकरण पुढे ढकलले जाते. हे सारे इतके साधे आहे की, पाहणाऱ्याच्या अंगावर त्या साधेपणानेच काटा येतो. या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अर्थात प्रत्येक मालिका अशीच असावी, असा आग्रह कोणी धरू नये. दिवसभर राबून आलेल्या माणसाला रात्री थोडी करमणूक हवी असते आणि पेरी मेसनने ती भरपूर दिली. २०२० साली मेसनची नवी मालिका निघाली, तेव्हा मात्र तिच्या लेखकांनी ती प्रसिद्ध कबुली केवळ वकिलाच्या मनातील तालीम म्हणून दाखविली आणि साक्षीच्या वेळी असे कोणी कबूल होत नसते, हे बर्गरच्याच तोंडून वदवून घेतले. बिचाऱ्या बर्गरला एवढ्या वर्षांनी एकदा बरोबर ठरण्याची संधी मिळाली!

खुद्द गार्डनर यांना हे ठाऊक नव्हते काय? चांगलेच ठाऊक होते. ज्यांना चुकीने शिक्षा झाली असावी अशा निर्धन, निराधार कैद्यांची प्रकरणे तपासण्यासाठी त्यांनी १९४८ साली गुप्तहेर, वैद्यक आणि अन्य तज्ज्ञ मित्रांना एकत्र आणून एक मंडळ उभे केले होते. 'अखेरच्या आशेचे न्यायालय' अशा अर्थाचे नाव त्याला होते. हे काम पेरी मेसनच्या कामासारखे मुळीच नव्हते. जुने कागद पुन्हा पुन्हा वाचावयाचे, विस्मरण झालेल्या साक्षीदारांना शोधावयाचे, अधिकाऱ्यांना पत्रे लिहावयाची आणि उत्तराची वाट पाहावयाची.

त्यांनी हाती घेतलेल्यांपैकी एक प्रकरण कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात राहणाऱ्या बिल कीज यांचे होते. रस्त्याच्या वादावरून शेजारी वर्थ बॅग्ली याच्याशी त्यांचे वैर होते. ११ मे १९४३ रोजी कीज यांच्या गोळीने बॅग्ली मरण पावला. आपण स्वतःचा जीव वाचविण्यासाठी गोळी झाडली, असे कीज यांचे म्हणणे होते. ज्यूरीने ते मानले नाही आणि त्यांची रवानगी तुरुंगात झाली. येथे दुसरा कोणी गुन्हेगार शोधावयाचा नव्हताच. गोळी कोणी झाडली, याविषयी वाद नव्हता. मागच्या बाकावरून उठून काही सांगू शकेल असा एकमेव मनुष्य मेलेला होता. कीज १९४८ साली काही अटींवर तुरुंगाबाहेर आले. गार्डनर यांनी त्यांचा पाठपुरावा सोडला नाही आणि १९५६ साली कीज यांना पूर्ण माफी मिळाली. गोळी झाडल्यापासून तोवर तेरा वर्षे लोटली होती. त्याच्या पुढच्याच वर्षी, सप्टेंबरातील एका शनिवारी, पेरी मेसन पडद्यावर आला आणि त्याने आपला पहिला खटला तासाभरात जिंकला.